तीन सेकंद

औलूत दुपारी दोनलाच दिवे लागतात.
राइली पेल्टोला लोकरी मोज्यांत बसते टेबलाशी,
बूट दाराजवळ, बर्फाचं पाणी गाळत.

चौथी भाषा ही तिची. की पाचवी?
पहिलीची पुस्तकं तळघरात गेली,
दुसरी शिकवणारा यौनी आता मधमाश्या पाळतो.

आज नव्या यंत्राने तिचा सगळा जुना कोड
कॉफी गाळून होईस्तोवर नव्याने लिहून दिला.
छान लिहिलाय. तिनेच म्हटलं तसं.
फक्त एक ओळ गाळली: थांब, तीन सेकंद.
कारण विचारलं तर म्हणालं, अनावश्यक.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत, उणे चौतीस,
कागदाच्या गिरणीतला एक व्हॉल्व्ह
कुरकुरत उघडायचा, सावकाश,
म्हाताऱ्याने गुडघे धरून उठावं तसा.
राइली रात्रभर त्याच्यापाशी उभी, हातात घड्याळ.

तो व्हॉल्व्ह अजून आहे का, कोणाला ठाऊक नाही.
गिरणीत फोन लावला. उचलला कुणा पोराने.
म्हणाला, बघून सांगतो.

ती ओळ परत टाकत नाही ती. सोडूनही देत नाही.
कर्सर लुकलुकतोय.
मोज्यातला अंगठा हलवत
वाट बघते पोराची.