फर्फी

राजापूरकडच्या आमच्या सड्यावर
टँकर येतो एक दिवसाआड.
खाली समुद्र दिसत असतो,
नको तितका निळा, नको तितका भरलेला.
घरटी तीन हंडे.
कळशा उन्हात रांगेला, बाया काजूच्या सावलीला,
आणि पाण्याआधी बातमी वाहायला लागते :
जेटी मंजूर झाली म्हणे.
कातळाला गुंठ्यामागे चार लाख म्हणे.
तिर्लोटकरांची सून माहेरी गेली ती कायमची म्हणे.

'म्हणे' हा आमच्या भाषेचा हातपंप.
पाणी येतं. दांड्यावर हात कुणाचा, दिसत नाही.

भाचा मेलबर्नला ट्रक चालवतो.
त्याने फोनवर एक शब्द सांगितला : फर्फी.
तिकडे बिनबुडाच्या बातमीला म्हणतात.
मूळ विचारलं तर हसला,
आडनाव आहे, मामा, एका लोहाराचं.
पाण्याचे गाडे बनवायचा,
पिंपावर ओतीव लोखंडात स्वतःचं नाव.
पहिल्या महायुद्धात छावणीत गाडा आला
की शिपाई भोवती जमायचे
आणि पाणी प्यायला आलेले
काहीबाही ऐकून जायचे.

मी शब्द जिभेवर घोळवत राहिलो.
आपल्याकडे वावडी उडते, कंडी पिकते, हूल उठते;
पाण्यातून आलेली
ही पहिलीच.

दस्तगीर सोलकरला सांगितलं.
टँकर त्याचा. नळी हंड्यात धरून ऐकत होता.
"म्हंजे पानी पाजलान त्यानं,
नि नाव लागलं खोट्याला?"
मग जरा थांबून,
"आमचं नका हां घालू कुठं."

तेवढं पुरलं.

गुरुवारी टँकर फिरकलाच नाही.
शुक्रवारी आला, तेव्हा रांगेतून कुणीतरी
मथुरा घाडीला म्हणालं,
"तुजा घो सुटला गो वेरावळच्या बोटीवरनं,
पावसाच्या आधी येतोय म्हणे."
सात वर्षांत हे चौथ्यांदा.
मथुरा डोक्यावर चुंबळ बसवत होती.
मान न वळवता म्हणाली,
"सोलकर!"

रांग हसली. सोलकरही हसला, नळी हलली,
ओंजळभर पाणी कातळावर सांडलं
आणि पुसलं जायच्या आत
एक कावळा त्यात चोच बुडवून गेला.

संध्याकाळी तिच्या पडवीवरून आलो.
तीनपैकी एक हंडा
तिने भिंतीकडे वेगळा ठेवला होता,
फडक्याने झाकून,
वर तांब्या उपडा.