नग एक

पुतळा, ब्राँझचा, नग एक.
उंची नऊ फूट चार इंच, पागोट्यासकट.
डाव्या टाचेला भेग, क्रेनमुळे.
पावती क्रमांक एकशे बारा.
घेणार : करमळकर, भांडारपाल, उद्यान विभाग, ग्वाल्हेर.
सही माझी. वेळ पहाटे चार दहा.
शहर जागं व्हायच्या आत उतरवा, असं वरून आलेलं.

दौलतगंजच्या तिठ्यावर एकोणनव्वद वर्षं उभा होता
सुभेदार केरोजी निंबाळे.
दसऱ्याला बाबा आम्हाला तिथं न्यायचे,
भर रस्त्यात चपला काढायला लावायचे.
म्हणायचे, ह्याच्या पागेबरोबर आपण इकडे आलो,
कमरेला दौत खोचून;
हा नसता तर तुमच्या तोंडात मराठी नसती.
(तशी आता तरी कुठं धड आहे.
भाजीवाल्याशी भांडताना निम्मं वाक्य
हिंदीत घसरतं, आणि तिथंच जास्त रमतं.)

त्यानं बावडी बांधली, हे खरं.
तिचं पाणी अजून गोड आहे, हेही.
कशी बांधली, ते मागल्या वर्षी
एका मुलीनं दप्तरातून काढलं.
वेठीची यादी. मोडीत.
बैल अकरा, नावानिशी :
ढवळ्या, मोरा, चित्र्या, पुढं असेच.
असामी त्रेचाळीस.
बस, त्रेचाळीस.
खाली बारीक अक्षरात, पैकी मयत नऊ, बदली घेतले.
आणि लिहिणाऱ्याचं आडनाव.
मला मोडी येत नाही. त्या मुलीनं बोट ठेवून वाचून दाखवलं,
मग माझ्या टेबलावरची पाटी पाहिली
आणि बोट उचललं.

मोर्चे दोन निघाले.
एक काढा म्हणणारा, एक हात लावून दाखवा म्हणणारा.
दोन्हींनंतर रस्ता झाडला आमच्याच माणसांनी.
माझं मत कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर म्हटलं असतं, साहेब ठरवतील.
तीस वर्षं हेच म्हणत आलेय, जीभ वळलेली आहे.

आता तो फूलबागेमागच्या गोदामात.
तुटके झोके, गवत कापायची दोन यंत्रं,
शेणखताची पोती, आणि तो,
दोरानं बांधून भिंतीला टेकवलेला, जरा कललेला.
चौकात त्याचा चेहरा कुणाला नीट दिसलाच नव्हता.
घडवणाऱ्यानं उजवा डोळा किंचित बारीक केलाय,
हिशेब तपासणाऱ्यासारखा.
जेवणाचा डबा मी आता बाहेर बसून खाते.

रामबरन जाटव सातला रबरी नळी न्यायला येतो.
नळीची खुंटी नेमकी सुभेदाराच्या मागं.
पोट आत घेऊन, अंग चोरून जावं लागतं.
“तनिक सरको, सूबेदार.”
रोज म्हणतो.
पहिल्या दिवशी मी हसले. तो नाही.
म्हणाला, मैडम, चौकात होते तेव्हा
मी बाजूच्या गल्लीतून जायचो.
इथं गल्ली नाही.

खुंटी दुसरीकडे ठोकून देते, म्हटलं.
का? म्हणाला. खुंटी आधीची आहे.

मार्चअखेर. साठ्याची पडताळणी.
रकाने तीनच :
वापरात, दुरुस्तीजोगं, निर्लेखित.
झोके झाले, यंत्रं झाली, पोती मोजली.
पुतळ्याशी पेन अडलं.
उगाच, वेळ काढायला, रामबरनला विचारलं,
तुझ्या पणजोबांचं नाव काय रे?
घनसू.
त्यांच्या आधी?
त्यानं नळीचं वेटोळं खांद्यावर चढवलं.
आधीचं तुमच्याकडं असेल, म्हणाला,
लिहून ठेवायचं काम तुमच्याचकडं होतं ना.

नळीतलं कालचं पाणी
दारापर्यंत ठिबकत गेलं.
तपासनीस उद्या अकराला येणार आहेत.