शेवटच्या चार फ्रेम

उत्तरेच्या त्या बंदरात मी तीन हिवाळे काढले.
मासळीच्या कारखान्यात, सरकत्या पट्ट्याच्या अलीकडे
जाफन्याहून आलेले अकरा पुरुष
कॉडच्या पोटातून सुरी फिरवत उभे असायचे.
बाहेर दोन महिने न उगवलेला सूर्य.
आत ट्यूबलाइट, आणि बर्फाचा चुरा ओतल्याचा आवाज.

मला हात हवे होते.
मिठाने चरचरणारे, भेगाळलेले,
मोजा उतरवल्यावर वाफाळणारे हात.
मी म्हणायचे, हसू नका, इकडे बघू नका,
मी इथे नाहीच असं समजा.
अख्खं गाव त्यांच्याबाबतीत हेच समजत होतं,
पण ते मला तेव्हा सुचलं नाही.

रोल छत्तीसचा.
सौदा कदिरवेलूने ठरवला :
‘बत्तीस तुझे, अक्का. शेवटचे चार आमचे.’

जानेवारीच्या अखेरीस सूर्य परत आला, वीस मिनिटं,
त्या रविवारी सगळे मुकादमाच्या लाल गाडीशी जमले.
माझ्या नवऱ्याचा, एइनारचा, उंटाच्या रंगाचा कोट
एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जात राहिला.
चारच फ्रेम, म्हणून तिघे-तिघे,
कोट मधल्याच्या अंगात.
फक्त कदिरवेलू एकटा. सौदा त्याचा होता.
ज्याचं झालं तो कोट उतरवून
काखेत हात खुपसून माझ्यामागे येऊन उभा राहायचा
आणि सांगायचा, ‘पाय नको घेऊ.
बूट कारखान्याचे आहेत.’

मी हो म्हणायचे.
घरी येऊन कॉन्टॅक्ट शीटवर
त्या चौघांवर लाल पेन्सिलीने फुली मारायचे.
एकेक प्रत काढून द्यायचे, ती पोस्टाने तिकडे जायची.

पुस्तक निघालं. ऑस्लोत भिंतीवर
कदिरवेलूचे हात लागले, चार फूट रुंद.
खाली नाव नव्हतं.
हातांना कशाला नाव, असं कुणीतरी म्हणालं.
मीच म्हणाले असेन.

परवा फोन आला. यालिनी, त्याची धाकटी.
अप्पा मार्चमध्ये गेले.
तिकडची पेटी घराबरोबर जळाली, किती साली
ते तिने सांगितलं, मी लिहून घेतलं नाही.
‘तुमचं पुस्तक आहे आमच्याकडे,
पण त्यात अप्पा नाहीत. अप्पांचे हात आहेत.
मला गाडीवाला हवाय.
अप्पम्माने त्या गाडीचा नंबर पाठ केला होता,
शेजारणींना म्हणून दाखवायची,
आणि मग फोटोची दृष्ट काढायची.’
थोडं थांबून : ‘कोट होता ना त्यांचा, छान?’
होता, म्हणाले मी.

फुली कागदावर होती. निगेटिव्ह स्वच्छ निघाली.
पस्तिसावी. भिंगाखाली धरली.
कदिरवेलू हसतोय, बोनेटवर कोपर टेकून,
जणू गाडी मागच्याच आठवड्यात घेतली.
मागच्या काचेत एक दाटीवाटीची सावली :
दहा माणसं कुडकुडत,
आणि त्यांच्या मधोमध, चेहऱ्याच्या जागी कॅमेरा,
मी.
बत्तीस फ्रेममध्ये मी कुठेच नाही,
तेवढी काळजी घेतली होती.

पाय आलेत.
पांढरे रबरी गमबूट, घोट्यापाशी खवले चिकटलेले,
माझ्या तेव्हाच्या डोळ्यांनी बघितलं तर
सबंध फोटोत खरं तेवढंच.
म्हणजे मी ऐकलंच नव्हतं.

चाळीस वर्षं मी फ्रेम कापली नाही.
शिकवायला गेले तिथे तर पोरांना
यावरून फाडून खाल्लंय.
काल रात्री पट्टी ठेवली
आणि गुडघ्याखालचं कापून टाकलं.