छत्तीस खुर्च्या

मुहर्रकच्या जुन्या गल्लीत, एका मेलेल्या मोती-व्यापाऱ्याच्या चौकात
छत्तीस खुर्च्या मांडल्या. दोनदा मोजल्या,
कारण बँकेच्या बाईला पस्तीसच हव्या होत्या
आणि निरोशन म्हणाला, राहू दे एक.

आज नूफ गाणार, बँकेच्या निवडक खातेदारांसाठी.
गेल्या महिन्यात हीच नूफ रियाधला:
चाळीस हजार माणसं, आगीचे फवारे, बारा नाचणारे,
आणि मी मागे तंबूत, कानाला हेडफोन.

माझ्या मिक्सरवर एक बारीक बटण आहे.
ते दाबलं की माझ्यापुरतं सगळं स्टेडियम गप्प.
उरतो एक माईक, त्यामागचा उघडा गळा.
एकवीस वर्षांत असे पुष्कळ गळे पाहिले.
हो, पाहिलेच म्हणतो.
टॉवेल शोधत बाहेर आलेल्या माणसासारखे.
कुणी नुसते ओठ हलवतो,
कुणी वरच्या सुराच्या दारापर्यंत जातो, बेल वाजवून पळतो,
एक तर (नाव घेत नाही, त्याच्यावर पोट भरलंय)
अंतरा चालू असताना मॅनेजरला सांगत होता
रात्री बिर्याणी नको.
बाहेर लोक रडत होते.

आई म्हणायची, नाकापेक्षा मोती जड.
मी नुसतेच मोती पाहिले, आई.
नाक कुठंय ते अंधारात चाचपत राहिलो.

इथे भिंती प्रवाळाच्या दगडाच्या, वर आभाळ.
रखवालदार बू राशिद स्पीकरकडे बोट करून
खिचडी हिंदीत म्हणाला, ये किसके वास्ते?
खरंच की. चारातले दोन परत गाडीत टाकले.

ती आली. स्टुलावर बसली, चपला काढून.
सोबत एक ऊदवाला, बस.
पहिलाच सूर खाली लागला, तांदळाच्या दाण्याएवढा.
माझं बोट सवयीनं त्या डबीकडे गेलं
जी सूर उचलून जागेवर ठेवते.
पण ती थांबली.
रियाधला कुणी थांबत नाही, तिथे थांबायला जागाच नसते.
ऊदवाल्याला म्हणाली, अर्ध्यानं उतर.
पाणी प्यायली. डोक्यावरून एक विमान गेलं,
विमानतळ इथून हाकेवर; तेही जाऊ दिलं.

मग श्वास.

नऊ महिने हा श्वास मी कापतोय.
त्यासाठी एक गेट असतं: एवढ्याहून हळू जे काही
ते नव्हतंच असं समजायचं.
आवाज चकचकीत येतो. माणूस बाहेर उभा राहतो.
आज मी गेट उघडून ठेवलं होतं,
आणि आला तो,
लांब, कडेला जरा फाटलेला,
होडीच्या काठाला धरून खाली बघणाऱ्याचा.

बू राशिद माझ्या शेजारी उभा. रिकाम्या खुर्चीत बसला नाही.
म्हणाला, बाप माझा पाणबुड्या. म्हातारपणी
अंगणात बसून असाच घ्यायचा, आम्ही पोरं मोजायचो.
आणि खरंच तो बोटांवर मोजायला लागला.
ओळ संपेपर्यंत सतरा.
मीही मोजले. माझे सोळा भरले.

केबल गुंडाळताना निरोशननं विचारलं,
मग, चांगली गाते की नाही?

तिसऱ्या गाण्यात दोनदा घसरली.
वरचा पंचम तिचा नव्हेच, तो माझा,
दर शुक्रवारी मीच तिला देतो.
पण खालचा षड्ज, तळाशी थोडी वाळू असलेला,
तो तिचा स्वतःचा. चाळीस हजारांनी ऐकलेला नाही.
त्याच्यावर मी ढोल ठेवतो.

एवढं सगळं त्याला सांगितलं नाही.
बरी आहे, म्हटलं. वायर नीट गुंडाळ.

पुढच्या शुक्रवारी दोहा.
मॅनेजरचा निरोप आलाय: सगळं रियाधसारखंच.
ठेवलंय तसंच. फक्त गेट
एक घर खाली घेतलंय.
कुणाला कळायचं नाही.
मी तेवढा बोटं मोकळी ठेवून बसेन.