खोकल्याची वही

नव्या तापाचं नाव तालुक्याहून आलं,
त्यात एक अक्षर, एक आकडा, पुन्हा अक्षर.
गावानं सोपं केलं: कोंबडताप.
शुक्रवारच्या बाजारात रशीदभाईचे पिंजरे
दिवेलागणीपर्यंत भरलेलेच.
"फुकट नेता काय?"
फुकटही कोणी हात लावेना;
रात्री मात्र तीन घरांतून रस्सा दरवळला.

मी आशा वर्कर. वही घेऊन दारोदार.
"कोनी खोकलते काय वं, माय?"
"नाई बाई. आमच्याइथं कोनीच नाई."
आतून ठसका.
"थो तिखटाचा हाय."
वनमालाकाकूनं कापराची पुरचुंडी हातावर वरून टाकली,
पाणी ओसरीखाली ठेवलं.
हे तापाचं की जुनंच, मी विचारलं नाही.
सरपंचाच्या जावयाला थर्मामीटर दाखवला
तर तो फवारणीचा पंप पाठीवर घेऊन
वावरात पळाला, पंप रिकामाच.
भर दुपारी अख्खं गाव
गिळलेल्या खोकल्यानं फुगलेलं.

रात्री लाईन गेली की सुटतो.
पहिला मेश्रामांच्या माडीवरून,
मग हापशीजवळचा बारीक, लेकराचा,
मग देवळामागचा, राखेनं गुंड घासल्यासारखा.
त्याला उत्तर द्यावं तसा जावयाचा.
मी बाजेवर पडून अंधारातच रेघा ओढते.
कोणता कोणाचा, सांगावं लागत नाही;
यातल्या लेकरांचा तर पहिला ट्यांहाही
मीच ऐकलेला.
सतरा. अठरा.

पोचीरामबुवाच्या घरून काहीच नाही.
काल होता. परवाही होता.

वही उशाशी राहू देते,
पायानं चपला चाचपते.