उंबरठ्यावरचे दिवे

भर बारा वाजता बोगद्याचं तोंड सर्वांत काळं असतं.
हे कुणाला पटत नाही.
बायकोला तर वर्षभर पटलं नव्हतं :
"दिवसाढवळ्या एवढे दिवे, आणि रात्री निम्मे?
उलट्या डोक्याचं तुमचं खातं."

म्हटलं, अंगणातल्या उन्हातून आत ये
आणि सांग, घागर कुठे आहे.
आली. घागरीलाच ठेचकाळली.
तेवढा वेळ, म्हटलं,
पायांचा असला तर अंगठा जातो,
चाकांचा असला तर...
पुढचं बोललो नाही. तिचा भाऊ टेम्पो चालवतो.

खेडच्या बाजूला ऊन चिऱ्यावर आपटून परत येतं,
डोळ्याची बाहुली मोहरीएवढी होते
आणि तिला ऐंशीच्या वेगानं विचारलं जातं :
आत काय आहे?
ती सावकाश उघडते. तिला गिअर नाहीत.
म्हणून तोंडाशी दिव्यांची गर्दी,
मग थोडे विरळ, मग अजून विरळ;
अंधारात पायरी पायरीनं उतरायचं असतं,
विहिरीत उतरतात तसं.

मे महिन्यात वरून कागद आला.
वीजबिल. तोंडाशी दुपारी निम्मे दिवे बंद.
"सूर्य आहे की," साहेब म्हणाले.
खटके मी खाली केले.
रजिस्टरात सही माझी आहे, अकरा चाळीस.

बारा पंचवीसला हसनमियाँ मुकादम
हर्णैहून बर्फातली सुरमई घेऊन आले,
आणि तोंडाशी येऊन त्यांनी करकचून ब्रेक दाबला.
मागे वऱ्हाडाची जीप.
कुणी मेलं नाही.
हे आधीच सांगून टाकतो,
नाहीतर पुढचं मला सांगता येत नाही.
फाळका तुटला, बर्फ सांडला,
सुरमया डांबरावर लखलखत पसरल्या,
आणि त्या लखलखाटामुळेच
मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला कळलं
की इथे काहीतरी आहे. थांबला बिचारा.

हसनमियाँ रस्त्यातच बसले होते.
"बोगदा कुठं दिसला रे मला?
डोंगराला नुसतं भोक.
भोकात गाडी कोण घालतो?"

पंचनाम्यात आलं : चालकाचा हलगर्जीपणा.
अकरा चाळीसचं मी त्या दिवशी बोललो नाही.
दुसऱ्या दिवशी बोललो.
माझ्याही आत कसलीशी बाहुली असणार,
उघडायला रात्र लागली तिला.

मधल्या भागाचं दुखणं वेगळंच.
तिथे ना माड, ना मैलाचा दगड,
मागे पळायला काही नसलं
की माणसाला वाटतं आपण उभेच आहोत.
काटा नव्वदवर आणि ड्रायव्हर जांभई देतोय.
तिथे मी आणि दाजी गोवळेनं पिवळे पट्टे ओढले,
आधी लांब लांब, मग जवळ जवळ,
म्हणजे डोळ्याला वाटावं, वेग वाढतोय,
आणि पाय आपसूक उचलला जावा.
दाजी म्हणाला, देवळं रंगवली, शाळा रंगवल्या,
खोटं रंगवायची ही पहिलीच खेप.
आणि ब्रश बुडवला पुन्हा.

दिवे आता दुपारी सगळे लागतात.
हसनमियाँ जाताना माझ्याकडे बघत नाहीत,
हॉर्न मात्र दोनदा देतात.

पाळी संपली की मी पलीकडून चालत बाहेर पडतो.
आधी नुसतं पांढरं.
उभा राहतो. मोजतो.
मग रस्त्याची कड येते,
मग पळसाच्या पानांवर करवंदं,
मग ती विकणारी पोर,
जी इतका वेळ मला बघत होती.

तिला म्हटलं, बाय गं, टोपली उचल,
शंभर पावलं पुढे जाऊन बस.
"का? इथं गिऱ्हाईक थांबतं."

थांबतं,
पण त्याआधी काही क्षण
तू नसतेसच.