ऋणाची तार

सफरचंदाचं वठलेलं झाड उपटताना
मुळांत अडकलेला निघाला कोकोचा डबा.
आत मेणकापडात पाच लाट्सची तीन नाणी,
ओकच्या पानाचा एक ब्रोच,
आणि कोळशासारखी काळी अंगठी.

विझ्मा म्हणाली, टूथपेस्टनं घास.
चाळीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात तारा जोडल्यात मी.
मी घासत नसतो.

काकडीच्या लोणच्याची रिकामी बरणी,
कोमट पाणी, दोन चमचे धुण्याचा सोडा,
नातवाच्या जुन्या फोनचा चार्जर, तोंड छाटलेला,
मेलेल्या सेलमधून सोलून काढलेली कार्बनची कांडी.
स्टीलचा चमचा नको. त्याचं विष पाण्यात उतरतं.
खिडकी सताड उघडी. बाहेर मार्च,
वेंतेवरचा बर्फ तडकतोय.

कुठली तार कुठली, हे रंगावर सोडू नये.
दोन्ही टोकं पाण्यात धरावी,
जिथे बुडबुडे दुप्पट, ती ऋण.
जे उजळायचं ते ऋणाला बांधायचं.
चुकून धनाला बांधलं
तर वस्तूच झिजू लागते,
चांदी कणाकणानं पाण्यात जाते
आणि पाणी कुणाला काही सांगत नाही.

पहिल्या नाण्याला अर्धा तास लागला.
सडक्या अंड्याचा वास आला, काळे पापुद्रे सुटले,
मग वेणी, मग हनुवटी, मग खांद्यापाशी गव्हाची लोंबी.
विझ्मा टाळ्या वाजवत होती.
मला टाळ्या नको होत्या.

आमच्याकडे असलं नाणं कधीच नव्हतं.
एकोणपन्नासच्या एप्रिलात आम्ही ह्या घरात आलो,
मी चार वर्षांचा.
टेबलावर ताटं तशीच होती,
असं आई एकदाच बोलली, मग पुन्हा कधी नाही.
वडिलांनी विहीर उपसली, छप्पर शाकारलं,
आधीचे लोक गेले, एवढंच म्हणाले.
गेले म्हणजे कुठे
हे विचारायचं माझं वय झालं
तोवर सवय झाली होती.

अंगठीच्या आतल्या बाजूला आधी साल उमटलं, १९३६.
मग एक ए.
विझ्मानं चष्मा लावला, बरणीला नाक टेकवलं.
एर्ना, ती म्हणाली. कोण रे ही एर्ना?
काय माहीत, मी म्हणालो.
चोराच्या मनात चांदणं असतं,
माझ्या तर बरणीतच होतं.

ती चहा ठेवायला आत गेली.
दोन चिमटे, दोन तारा.
अदलाबदल म्हणजे बोटांचं काम,
रात्रभर सोडलं असतं तर सकाळी
अक्षरंही नाहीत, सालही नाही,
नुसतं पातळ कडं, कुणाचंही.
चिमटा मी उचललाही होता.
मग प्लगच काढला भिंतीतून.

आता अंगठी बशीत आहे.
विझ्मा फोनवर बोलतेय पलीकडच्या आउस्त्राशी,
तिच्या आईला आठवत असेल, एर्ना, हो, एर्ना,
इतक्या मोठ्यानं की कोंबड्यासुद्धा थांबल्यात.

मी बरणी घेऊन अंगणात.
पाणी राखाडी, तळाशी गाळ.
झाडाच्या खड्ड्याशी जातो. परत येतो.
विहिरीपासून लांब, एवढं नक्की.
भिंतीशी नको, तिथे विझ्माचे कांदे आहेत.

बरणी अजून कोमट आहे.